कॉम्प्टन विरुद्ध स्टेटन आयलंड : अंबाजोगाईतल्या एका मुकाबल्याच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

आजपासून वही चालू केली. गेले दोन महिने आमच्या साउंडच्या गोडाऊनमध्ये रोज संध्याकाळी एकच भांडण चाललंय: एन.डब्ल्यू.ए. मोठे की वू-टँग क्लॅन? पोरं रॅप लिहितात, कान तयार आहेत, पण भांडण आवाजाच्या जोरावर चालतं. म्हणून ठरवलं, एक रात्र रीतसर मुकाबला लावायचा. हे दोन्ही अमेरिकेतले रॅपचे क्रू, म्हणजे आपल्याकडचे फड म्हणा. ते कधी समोरासमोर उभे राहिले नाहीत. एक लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनचा, दुसरा न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडचा. मधे अख्खी अमेरिका आणि पाच वर्षं. तरी उभे राहिले असते तर?

तारीख २२ फेब्रुवारी, शनिवार. शिवजयंतीची गडबड सरलेली असेल, बॉक्स घरी असतील. जागा गोडाऊनचं अंगण.

मला या कामात एवढी ओढ का, तेही लिहून ठेवतो. आपल्याकडं डीजे म्हणजे माणूस नव्हे, मिरवणुकीतला बॉक्स बांधलेला ट्रक. पण हिप-हॉपची सुरुवात ज्या रात्रीपासून मोजतात, त्या ११ ऑगस्ट १९७३ च्या रात्री ब्रॉन्क्समधल्या १५२०, सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीच्या हॉलमध्ये साउंड लावणारा पोरगाच मुख्य माणूस होता. क्लाइव्ह कॅम्पबेल, नाव डीजे कूल हर्क. मूळचा जमैकाचा, मोठाल्या बॉक्सच्या संस्कृतीतला. कार्यक्रम बहिणीचा, शाळेच्या कपड्यांना पैसे जमवायचे म्हणून ठेवलेला. दोन तबकड्या घेऊन तो गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायचा. वायरी ओढणाऱ्या, बॉक्स उचलणाऱ्या माणसापासून हे सगळं निघालं, हे मला फार जवळचं वाटतं.

८ जानेवारी

तक्ता केला. शब्द, फ्लो (म्हणजे शब्दांचा ओघ), बीट, स्टेज, अल्बम, प्रत्येकी वीस मार्क. सहा जणांनी भरला. ज्याचा जो लाडका त्याला शंभरातले नव्वद. तक्ता बाद.

१२ जानेवारी, रविवार

आज शाहीर काकांकडं गेलो. वय झालंय, आता गात नाहीत, पण उमेदीत कलगी-तुऱ्याच्या सामन्यांना रात्र रात्र उभे राहिलेले. ओसरीवर हुरडा चालला होता. मी तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "पोरा, तू मार्क द्यायलास का जवाब ऐकायलास?"

मग दीड तास बोलले. जमेल तेवढं उतरवून घेतलं.

कलगीवाले शक्तीला मोठं मानणारे, तुरेवाले शिवाला. डफावर कुणाची कलगी तर कुणाचा तुरा. एका फडानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं त्याच चालीत, त्याच मोडणीत जवाब द्यायचा. सवाल कितीही देखणा असो, समोरच्यानं त्यातलाच शब्द उचलून उलटा फिरवला की देखणेपण संपलं. आणि जवाब कितीही देखणा असो, सवाल सोडून भलतीकडं गेला तर तो जवाबच नव्हे. "आमच्या गुरूच्या येळी," काका म्हणाले, "जवाब सुचला न्हाई की डफ खाली ठेवायचा. गळा किती गोड हाय हे कुणी इचारायचं न्हाई."

मी त्यांना अमेरिकेतली एक गोष्ट सांगितली. १९८६ च्या सुमारास क्वीन्सब्रिज वस्तीतल्या ज्यूस क्रूच्या एमसी शॅननं आपल्या वस्तीचं कौतुक गायलं, आमच्याकडं हे कसं सुरू झालं असं. ब्रॉन्क्सच्या बूगी डाऊन प्रॉडक्शन्सचा केआरएस-वन उठला आणि म्हणाला, हिप-हॉप तुमच्याकडं जन्मलं? ते तर आमचं. शॅन तसं म्हणालाच नव्हता. पण एकावर एक रेकॉर्डी निघाल्या आणि १९८७ पर्यंत लोकांनी कौल ब्रॉन्क्सच्या बाजूनं दिला.

काका खूश झाले. म्हणाले, "आधी शिव का आधी शक्ती, तेच हाय की हे. आन् न केलेला सवाल समोरच्याच्या तोंडी घालून त्याचा जवाब द्यायचा, ही तर लई जुनी इद्या हाय."

घरी येताना ठरलं. मार्क नाहीत. सवाल-जवाब.

१४ जानेवारी

नामविस्तार दिन. दोन्ही सेट बाहेर होते, रात्री एकला परतलो. मिक्सरवर बसून गायकापेक्षा त्याच्या मागच्या झीलकऱ्यांकडंच लक्ष लागलं. ओळीचा शेवटचा शब्द ते अशा जोरानं उचलतात की गायकाला श्वास घ्यायला जागा मिळते. रॅपमध्ये याच माणसाला हाईप मॅन म्हणतात. पोरांना उद्या सांगायचं : प्रत्येक बाजूला एक झीलकरी हवाच.

१९ जानेवारी, रविवार

आजचा प्रश्न अवघड निघाला. कोणत्या वर्षीचा क्रू उभा करायचा?

एन.डब्ल्यू.ए. १९८८ चे घेतले तर आइस क्यूब त्यांच्यात आहे. एकोणीस वर्षांचा पोरगा, पण लेखणी अशी की क्रूचे निम्मे शब्द त्याचे. शिवाय एमसी रेन, ईझी-ई, आणि बीटवर डॉ. ड्रे व डीजे येला. १९९१ चे घेतले तर क्यूब नाही, १९८९ च्या शेवटी पैशाच्या हिशोबावरून तो बाहेर पडला. मागं राहिलेल्यांनी रेकॉर्डीत त्याला गद्दार म्हटलं. १९९१ मध्ये त्यानं एकाच गाण्यात सगळ्यांना एकट्यानं जवाब दिला. त्यावर जवाब आला नाही, क्रूच मोडला. मला विचाराल तर क्रूच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी हार : बाहेरच्यानं नाही, घरातून गेलेल्यानं हरवलं.

वू-टँग १९९३ चे. पहिला अल्बम त्या नोव्हेंबरचा. नऊ जण : रिझा, जिझा, मेथड मॅन, रेक्वॉन, घोस्टफेस किला, इन्स्पेक्टा डेक, यू-गॉड, मास्टा किला, ओल डर्टी बास्टर्ड. कुंगफूच्या सिनेमांचं वेड इतकं की स्टेटन आयलंडला त्यांनी शाओलिन नाव दिलं.

नियम झाला : प्रत्येक क्रू त्याच्या भरात, म्हणजे कॉम्प्टन १९८८ आणि स्टेटन १९९३. त्या सालापर्यंत जे घडलेलं आहे तेवढंच त्या क्रूविरुद्ध बोलायचं. हा नियम मीच लिहिला, सगळ्यांनी मान डोलावली. तो किती महागात पडणार हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

(शेवटचं वाक्य २३ फेब्रुवारीला लिहिलं.)

दुसरं, मूळ गाणी नुसती वाजवून मुकाबला होत नाही, कारण ती एकमेकांना उद्देशून लिहिलेलीच नाहीत. पोरांनीच दोन बाजू घ्यायच्या आणि ते क्रू मराठीत बोलले असते तर काय बोलले असते ते लिहायचं.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाचा साउंड उरकून दुपारी बसलो. आत्याची पोरगी आली होती, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, वहीभर लिहिते. तिला कॉम्प्टनच्या बाजूला घ्यायचं पोरांनी ठरवलं होतं. तिनं सरळ नाही म्हटलं.

"दादा, यांच्या गाण्यात बाईला काय काय म्हणलंय ते मी वाचलंय. मी त्या बाजूनं तोंड उघडणार न्हाई."

पोरं म्हणाली, वू-टँग काय धुतल्या तांदळाचे आहेत का? ती म्हणाली, न्हाईत, पण तिथं मला उभं राहायला जागा दिसते.

तिचं म्हणणं मला पटतं. पोलिसाबद्दल कॉम्प्टनच्या पोरांनी जे छातीवर हात ठेवून सांगितलं ते ऐकून आजही अंगावर काटा येतो. त्याच तोंडानं बाईला हिणवलं तेही खरं आहे. कौतुक करताना ते झाकायचं नाही, असं ठरलं.

मग तिनंच रोक्सान शांटेचं सांगितलं. १९८४, क्वीन्सब्रिज, चौदा वर्षांची पोरगी. यूटीएफओ नावाच्या क्रूनं रोक्सान नावाच्या एका गर्विष्ठ मुलीवर गाणं केलं होतं. हिनं मार्ली मार्लच्या घरी त्यांच्याच बीटवर, रोक्सान बनून, त्यांना जवाब दिला. मग त्या जवाबाला जवाब, त्याला आणखी जवाब, अशा डझनांनी रेकॉर्डी निघाल्या. काकांची व्याख्या इथं शंभर टक्के बसते : चाल त्यांची, शब्द त्यांचा, उलटा फिरवलेला.

पोरगी स्टेटनकडून उभी राहणार.

२ फेब्रुवारी, रविवार

बीट. कॉम्प्टनचं गाजलेलं गाणं मिनिटाला शंभराच्या वर ठोक्यांनी पळतं. स्टेटनचं बरंचसं काम नव्वदीच्या घरात, जड पावलानं चालणारं. एकाच चालीत दोघांना उभं करायचं तर कुणावर तरी अन्याय. तोडगा : सवाल टाकणाऱ्याचा वेग. ज्याचा सवाल त्याची चाल, दुसऱ्यानं जुळवून घ्यायचं. सवाल आळीपाळीनं. तिसरी फेरी नाणं उडवून.

लॅपटॉपवरचा बीट सगळ्यांना गुळमुळीत वाटला. हलगीवाल्या मामांना बोलावलं. अंगणात कडबा पेटवून ते हलगी शेकत बसले. थंडीतल्या ओलाव्यानं कातडं सैल पडतं, मग आवाज भद्द येतो. शेकता शेकता मधेच बोटानं टिचकी मारून बघायचे, पुन्हा आगीवर धरायचे. चौथ्या की पाचव्या टिचकीला आवाज असा कडक निघाला की गोडाऊनचा पत्रा वाजला. खाली बेसचा जाड ठोका मी लॅपटॉपवरून दिला, वर हलगी. माईक अगदी तोंडाशी लावला तर काडीचा फटका फाटतो. हातभर लांब, जरा तिरका धरला की कातडंही ऐकू येतं आणि काडीही.

मामांनी एकच अट घातली. मधे मधे हलगी शेकायला उसंत पाहिजे. म्हणजे फेऱ्यांमधला वेळ आता हलगी ठरवणार. चांगलंच झालं.

९ फेब्रुवारी, रविवार

आजची बैठक सगळ्यात चांगली झाली, म्हणून सविस्तर लिहितो.

चुलतभावानं मुद्दा काढला : ईझी-ईचे शब्द दुसरे लिहायचे. त्याचं पहिलं गाणं क्यूबनं लिहिलेलं, ड्रेनं एकेक ओळ म्हणवून घेत रेकॉर्ड केलेलं, १९८७ मध्ये. मग तो मुकाबल्याला उभा राहायच्या लायकीचा आहे का? स्टेटनची बाजू एका सुरात म्हणाली, बाद.

काकांना फोन लावला, स्पीकरवर ठेवला. ते म्हणाले, बाद कामून? पठ्ठे बापूरावांनी लिहिलं आन् पवळाबाईनं गायलं. लिहिणारा येगळा, उभा राहणारा येगळा, ही तर फडाची रीत हाय. उभं राहणं ही पण कला हाय.

खरं आहे. ईझीचा तो बारीक, टोचणारा आवाज दुसऱ्या कुणाकडं नव्हता. क्यूबनंच ते गाणं म्हटलं असतं तर तेच गाणं झालं असतं का? मला नाही वाटत.

पण काका पुढं म्हणाले, "मातर सवाल पडल्यावर लिहिणारा बाजूला नसंल, तर उभा राहणारा काय करंल?"

इथं मला वू-टँगचं बळ कळलं. रिझा बीट लावायचा आणि त्या बीटवर कोण बोलणार यासाठी क्रूतल्याच पोरांना एकमेकांशी झुंजायला लागायचं. ज्याचं कडवं भारी त्याला जागा. त्या पहिल्या अल्बमवर मास्टा किलाचं कडवं एकच आहे. म्हणजे बाहेर पडायच्या आधीच हे लोक घरात शेकडो सवाल-जवाब करून आलेले. हलगी जशी शेकून येते तसे.

म्हणून माझं मत आज लिहून ठेवतो, नंतर बदलायचं नाही : पहिला घाव कॉम्प्टनचा भारी. रात्र जेवढी लांबेल तेवढं पारडं स्टेटनकडं झुकेल.

कौल कुणी द्यायचा हाही वाद झाला. जुलै १९८१ मध्ये हार्लेम वर्ल्ड क्लबात कोल्ड क्रश ब्रदर्स आणि फँटॅस्टिक फाइव्ह यांचा सामना झाला होता. हॉलमधल्या लोकांनी फँटॅस्टिकला जिंकवलं, पण त्या रात्रीची कॅसेट हातोहात फिरली आणि ऐकणाऱ्यांत कोल्ड क्रशचं नाव मोठं झालं. डोळ्यांचा कौल वेगळा, कानाचा वेगळा. आमच्याकडं कौल काकांचा, पण सगळं रेकॉर्ड करायचं.

१७ फेब्रुवारी

शिवजयंतीची बुकिंगं. वहीला हात लावायला वेळ नाही. एका बेसचा कोन, म्हणजे स्पीकरचा पडदा, करकरतोय, बदलायला हवा. जुन्या फ्लेक्सच्या पाठीवर दोन्ही क्रूचा सालवार इतिहास मोठ्या अक्षरात उतरवलाय, पंधरा फूट लांब. काकांनी बघितला आणि म्हणाले, ही तुमची पासोडी. लांबलचक कापडावर ग्रंथ लिहिणाऱ्या दासोपंतांच्या गावात राहून एवढं तरी लांब लिहायलाच पाहिजे.

२२ फेब्रुवारी, शनिवार, रात्र

झोप येणार नाही, म्हणून आत्ताच लिहितो.

आठला सुरू व्हायचं ते पावणेनऊ झाले. अर्थिंग नीट नव्हतं, बॉक्समधून सारखा हम् येत होता. चुलतभावानं खड्डा उकरून, मीठ-पाणी घालून रॉड ठोकला तेव्हा गेला. अंगण भरलं होतं. बायका भिंतीकडेला, पोरं ट्रॉलीवर.

कॉम्प्टनकडून तिघं, स्टेटनकडून पाच. हलगीच्या चार आवर्तनांत जवाब सुरू झाला पाहिजे.

पहिला सवाल कॉम्प्टनचा, वेग त्यांचा. दहावीत शिकणारा सगळ्यात लहान पोरगा पुढं आला :

"हात वर म्हणला आधी, नाव नंतर पुसलं,
पत्ता कळता गल्लीचा, गुन्ह्यात नाव घुसलं."

झीलकऱ्यानं "घुसलं" असं उचललं की ट्रॉलीवरची पोरं उभी राहिली. तीन आवर्तनं गेली. स्टेटनचे चौघे खाली बघत होते. चौथ्याला आत्याची पोरगी :

"नाव घुसलं तुझं एकट्याचं, आमची नऊ नावं,
एक उचललं तर आठ उभी, सांग कुणाला न्यावं?"

काकांनी मांडीवर थाप मारली. शब्द त्यांचाच, "नाव", आणि तोच फिरवला. पण फेरी काकांनी कॉम्प्टनला दिली. म्हणाले, जवाब पक्का, पर सवालात धग जास्त होती, आन् पोरगी त्यांच्या वेगात अर्धं पाऊल मागं होती. होतीच. मिक्सरवरून मला स्पष्ट ऐकू आलं.

दुसरी फेरी स्टेटनच्या वेगात, आणि ती त्यांनीच घेतली. पाच जणांनी एकेक ओळ वाटून घेतली, एकाचा शेवटचा शब्द दुसऱ्याचा पहिला, साखळीसारखा. कॉम्प्टनला धरायला जागाच सापडेना. लिहायला ओळी आठवत नाहीत, रेकॉर्डवरून काढायच्या.

तिसरी. नाणं कॉम्प्टनचं. रेनच्या जागी उभा असलेला पोरगा, अंगानं आडवा, आवाज खर्जातला :

"नऊ तोंडं अन् एक भाकर, पोट कुणाचं भरलं?"

एवढीच एक ओळ, आणि गप्प उभा राहिला. अंगण शांत. हा सवाल फार खोल होता. नऊ माणसांच्या क्रूला हाच प्रश्न पडतो.

पोरगीनं या वेळी वाट पाहिली नाही, लगेच उचललं :

"भाकर कुठली मोजतोस गड्या, चुली नऊ पेटल्या,
तुझ्या एका ताटापायी गाठी साऱ्या सुटल्या."

अंगणात एकच गोंधळ. तिनं अख्खा इतिहास दोन ओळींत आणला होता. रिझानं कंपनीशी करारच असा केला की क्रू एका लेबलवर, पण प्रत्येकाला स्वतःसाठी दुसरीकडं जायची मोकळीक. मेथड मॅन एकीकडं, ओल डर्टी बास्टर्ड दुसरीकडं, जिझा तिसरीकडं. नऊ चुली. आणि कॉम्प्टनचं घर पैशावरूनच मोडलं. एका ताटापायी.

काकांनी हात वर केला. हलगी थांबली.

"पोरी, गाठी कवा सुटल्या?"

"एकोणनव्वदला," ती म्हणाली, आणि म्हणतानाच तिचा चेहरा उतरला.

"फ्लेक्सवर कॉम्प्टनचं साल कोणतं हाय?"

अठ्ठ्याऐंशी. नियम माझा होता. उद्या मोडणारं घर आज मोडकं म्हणता येत नाही. दुसरी ओळ बाद, अर्धा जवाब राहिला. तिसरी फेरी कॉम्प्टनला, मुकाबला कॉम्प्टनला.

तिनं काकांच्या पाया पडून माईक खाली ठेवला. डफ ठेवावा तसा.

२३ फेब्रुवारी, रविवार

रेकॉर्ड दोनदा ऐकलं. कौल बरोबर होता. माझा ९ तारखेचा अंदाज चुकला असं मात्र नाही म्हणणार. रात्र तीन फेऱ्यांचीच होती, आणि तीन फेऱ्यांत कॉम्प्टनची धग पुरली. १९८८ मध्ये खरोखर समोर आले असते तर क्यूबनं लिहिलेली पहिली ओळ अशीच भाजली असती.

तरी त्या ओळीची हळहळ जात नाही. ती ओळ खरी होती. फक्त एक वर्ष लवकर बोलली गेली.

कॉम्प्टनवाल्या पोरानं स्वतःहून येऊन सांगितलं, दादा, सवाल टाकताना मलाच भीती वाटत होती की ती चुलीवर येईल. बॉक्स पुसून ठेवले. बेसचा कोन अजून करकरतोय.

२५ फेब्रुवारी

सकाळी पावणेसातला पोरगीचा फोन. झोपेतून उठून लिहिलंय म्हणाली. उतरवून घे :

"पोट अर्धं राहिलं तरी हात आपला खरा,
तुझ्या धन्याच्या तोंडी घास भरवतो दुसरा."

मी उठून बसलो. धनी म्हणजे ईझी, लेबल त्याचंच होतं. भरवणारा क्यूब. हे १९८७-८८ चंच. नियमात बसतं. भाकरीला घास, भरलं ला भरवतो. सगळं त्यांचंच उचललेलं.

काकांकडं गेलो. त्यांनी ऐकलं, दोनदा स्वतः म्हणून बघितलं. मी विचारलं, काका, लिहिणारा वेगळा असणं हा दोष नाही असं तुम्हीच म्हणाला होता. मग हा जवाब टिकला असता का?

"ते मी न्हाई सांगायचं," ते म्हणाले. "ज्याचा सवाल त्याला ऐकीव."

व्हॉट्सॲपवर कॉम्प्टनवाल्या पोराला पाठवलं, तिच्याच आवाजात. नऊ वाजता निळ्या टिका आल्या. आत्ता रात्रीचे साडेदहा झालेत. मधे दोनदा 'टायपिंग' दिसलं. जवाब अजून नाही.